उघड्या दाराचं माप

माझ्या लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर आमच्या घरात पहिला पलंग आला, आणि तोही आमच्यासाठी नाही, लेकीसाठी. आम्ही दोघं हॉलमध्ये गाद्या घालून झोपायचो. सकाळी वळकट्या करून कोपऱ्यात उभ्या केल्या की हॉल पुन्हा हॉल व्हायचा. त्यात काही कमी आहे असं मला तरी कधी वाटलं नव्हतं. पण त्या वर्षी लेक दहावीत गेली, आणि घरात दहावीतली पोर असली की ती म्हणेल ती पूर्व दिशा.

मुलुंडचा हा फ्लॅट घेऊन तेव्हा चार वर्षं होत आली होती. हॉल, किचन आणि एक खोली. खोली साडेसहा फूट रुंद, आठ फूट लांब. बिल्डरच्या नकाशात तिच्यावर 'बेडरूम' असं लिहिलेलं होतं. त्या माणसाने आयुष्यात कधी बेड बघितला नसणार. खिडकीखाली अभ्यासाचं टेबल, भिंतीला एक ट्रंक आणि उरलेल्या जागेत लेकीची गादी. ट्रंकेतलं काही काढायचं झालं की आधी लेकीला गादीसकट उठवायला लागायचं.

एका रविवारी जेवताना तिने जाहीर केलं, "मला पलंग पाहिजे. आणि दार लावून बसता आलं पाहिजे."

पलंगाचं मला कळलं. सगळ्या मैत्रिणींकडे आहे, खाली बसून पायाला मुंग्या येतात, ठीक आहे. पण दार? "दार लावून करणार काय तू आत?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही करायला दार कशाला लागतं गं?"

ती मान खाली घालून आमटीभात कालवत बसली. पंधराव्या वर्षी मुलींना दातखीळ बसते आणि विसाव्या वर्षी सुटते, असं माझी सासू म्हणायची. सुटल्यावर मग आपली बसते, हेही म्हणायची.

आता आमच्या घरातल्या दारांविषयी सांगायला हवं, नाहीतर पुढचा घोटाळा कळायचा नाही. मी वाढले लालबागला, चाळीत, एका खोलीत आठ माणसं. लग्न होऊन गेले ती पुढच्याच गल्लीतल्या चाळीत, तिथे सात. चाळीत दूधवाला आला की दार उघडायचं ते झोपताना लावायचं. दिवसाढवळ्या कुणाचं दार लागलेलं दिसलं की अख्खा मजला चौकशीला यायचा, काय झालं, कोण आजारी आहे का, गावाहून तार आली का. पुढे संपात ह्यांची गिरणी गेली. ह्यांना भांडुपच्या एका कारखान्यात फिटरचं काम मिळालं, मी औषधांच्या कंपनीत पॅकिंगला लागले, आणि आम्ही मुलुंडला आलो. पण दारं आम्ही चाळीतल्यासारखीच वापरली. खोलीच्या दाराला आतून कडीच नव्हती. बिल्डरने लावली नाही आणि आम्हाला चार वर्षांत आठवण झाली नाही. डोंगराकडून वारा सुटला की ते दार आपटायचं, म्हणून ह्यांनी त्याच्यापुढे एक दोन किलोचा लोखंडी तुकडा ठेवून दिला होता. दार कायम भिंतीला पाठ टेकून उभं. त्याच्या खिळ्यांना आमच्या छत्र्या आणि ह्यांचा रेनकोट.

पलंग बघायला आम्ही तिघं घाटकोपरला गेलो. भरपेट जेवून गेलो, ही पहिली चूक. दुकानदार शेटजी मोठे उत्साही. खोली लहान आहे म्हटल्यावर त्यांनी आधी घडीची लोखंडी खाट दाखवली. लेक तिच्यावर बसली तर मध्ये झोळी झाली. "ह्याच्यावर झोपले तर बोर्डाच्या परीक्षेपर्यंत मला कुबड येईल," ती म्हणाली. मग शेटजींनी सोफा-कम-बेड काढला. "एक हाथ से खुलता है, बेन," म्हणाले. एका हाताने नाही उघडला. दोन हातांनी नाही उघडला. मग गुडघा लावला, मग दुकानातले दोन जण बोलावले, तेव्हा तो कण्हत कण्हत अर्धा उघडला आणि तिथेच अडला. आता तो सोफाही नव्हता आणि बेडही नव्हता. शेटजींच्या कपाळावरचा घाम बघून मला वाटलं, आता त्यांनाच आधी आडवं करायला लागतंय.

ह्या गडबडीत आमचे हे कुठे गेले? तर एका दिवाणावर. कुठलीही वस्तू वापरून बघितल्याशिवाय तिची पारख होत नाही, असा ह्यांचा सिद्धांत. चपला खाली व्यवस्थित जोडून ठेवलेल्या, हात पोटावर, आणि घोरणं सुरू. एक बाई त्याच दिवाणाची किंमत विचारायला आल्या, त्यांनी ह्यांच्याकडे बघून आवाज खाली आणला. लेक तर रस्त्यावर जाऊन उभी राहिली, जणू आमची ओळखच नाही.

जागे झाल्यावर ह्यांनी निकाल दिला. दिवाण चांगला आहे, पण एकटा आहे. "गावचं माणूस आलं तर कुठे झोपेल?"

"माझ्या खोलीत?" लेकीने विचारलं.

"मग काय माझ्या खिशात?"

ह्यातही खोटं काही नव्हतं. आमच्याकडे गावाहून कोणी ना कोणी यायचंच. कुणी दवाखान्यासाठी, कुणी मुलाखतीसाठी, कुणी नुसतंच, मुंबईत आपली माणसं आहेत ना, म्हणून. आणि तेव्हाच ह्यांच्या डोक्यात कल्पना आली. पलंगाच्या पोटात दुसरा पलंग. खाली चाकांवरचा खण, एरवी आत ढकललेला, पाहुणा आला की ओढायचा. असले पलंग दुकानातून मिळायचेही, पण ह्यांची समजूत अशी की जगात हे पहिल्यांदा आपल्यालाच सुचलं. घरी येऊन कॅलेंडरच्या मागच्या महिन्याच्या पानावर चित्र काढलं आणि जाता येता ते कौतुकाने बघायला लागले.

"बाबा, आणि दार लागेल?" लेकीने एवढंच विचारलं.

"लागेल की. दाराला काय धाड भरलीय?"

ह्यांच्या गावचे एक मेस्त्री मुलुंडलाच होते. पुढच्या रविवारी ते आले आणि दोघांनी माप घ्यायला सुरुवात केली. अरे देवा, काय ते माप! एक गिरणीत वीस वर्षं काढलेला फिटर, दुसरा सुतार. नुसत्या इंचात बोलायला दोघंही तयार नव्हते, ते इंचाच्या आठव्या भागातच बोलत होते, म्हणजे सुतात. एक सूत इकडे, दोन सूत तिकडे. ट्रंक हलवली, टेबल हलवलं, मला तीनदा हलवलं. शेवटी हिशेब जमला. पलंग अडीच फूट, बाहेर ओढलेला खण सव्वादोन, उरले पावणेदोन. तेवढ्यातून माणूस आडवा होऊन जाईल.

"आणि जाडा पाहुणा?" मी विचारलं.

"जाडा पाहुणा हॉलमध्ये," हे म्हणाले.

हसले मी, पण खोटं कशाला बोलू, मीही तिथेच उभी होते. टेप भिंतीला नीट टेकावी म्हणून दारावरच्या छत्र्या आणि रेनकोट मीच माझ्या हाताने काढून दिले. दार मात्र कुणीच हलवलं नाही.

दोन रविवारनंतर पलंग आला. सागवानी चौकट, वर प्लायवूड, पॉलिशचा वास जिन्यापर्यंत. खोलीत नेऊन मेस्त्रींनी जोडला. खाली चार चाकं अशी की एका बोटाने ओढलं तरी खण सुळकन बाहेर. ह्यांनी तो शेजाऱ्यांना सात वेळा ओढून दाखवला. मग सगळे हॉलमध्ये चहाला बसले. लेक आतच राहिली. दाराचं लोखंड सरकवल्याचा आवाज आला. मग दार लागलं. मग खण ओढल्याचा गडगडाट. मग सगळं शांत.

हे कप घेऊन तिला हाक मारायला गेले. दार ढकललं, ते दोन बोटं उघडलं आणि ठक्कन थांबलं. पुन्हा ढकललं, पुन्हा ठक्. मेस्त्री उठून गेले, त्यांनी खांदा लावला. ठक्.

"बाबा," आतून आवाज आला, "माप एकदम बरोबर आहे."

तेव्हा कुठे दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यांनी खोली मोजली ती दार उघडं असताना, कारण ते दार लागलेलं कुणी बघितलंच नव्हतं. दार उघडं ठेवून खण ओढला तर दार लावता येत नव्हतं. आणि दार लावून खण ओढला तर बाहेरून कुणाच्या बापाला ते उघडता येत नव्हतं. बाप तर हातात कप घेऊन समोर उभाच होता.

"मापात चूक नाय वैनी," मेस्त्री म्हणाले, "दारात चूक आसा."

ठरलं असं की पुढच्या रविवारी मेस्त्रींनी करवत घेऊन यायचं आणि खण दाराच्या बाजूने दोन फूट कापायचा. मग दार मोकळं होईल. खण चार फुटांचा राहील, तेव्हा पाहुणा पाय दुमडून झोपेल. हे जरा खट्टू झाले, त्यांच्या शोधाचे दोन फूट जाणार होते. मी मात्र म्हटलं, "कापूनच टाका." सगळ्यात मोठ्याने मीच म्हटलं.

लेकीच्या हातात एक आठवडा होता आणि तिने तो पुरेपूर वापरला. शाळेतून आली की दार, गडगडाट, शांतता. मी साडेचारला कामावरून यायची ती माझ्याच घरात दाराबाहेर. कान लावून ऐकायची. लाज वाटते सांगायला, पण ऐकायची. कधी पान उलटल्याचा आवाज, कधी काहीच नाही, आणि ते काहीच नाही सगळ्यात वाईट. "काय करतेयस गं?" "काही नाही." पाच मिनिटांनी पुन्हा. "काही नाही, आई." एकदा मी घावणे केले होते. ताटली काही त्या फटीतून जाईना, म्हणून घावण दुमडून आत सरकवला. आतून तो बोटांनी ओढून घेतला गेला आणि "थँक्यू" आलं. पोस्टात पत्र टाकावं तसं मी माझ्या पोटच्या पोरीला जेवायला घालत होते.

ह्यांना मजा वाटायची. "पोर अभ्यास करतेय, तिजोरी फोडत नाहीये," म्हणायचे. पण मला राग यायचा आणि त्या रागाखाली भीती होती. कालपर्यंत हिच्या डोक्यातल्या उवासुद्धा मला न विचारता हलत नव्हत्या. आता तिच्यात काहीतरी वाढत होतं आणि त्यातलं मला काही दाखवायचं नाही असं तिने ठरवलं होतं. मी आई आहे की बाहेरची बाई, असं मनात येऊन डोळे भरायचे आणि मग मी भांडी जरा जोरात घासायची.

गुरुवारी ती माझ्याजवळ ओट्याशी येऊन उभी राहिली. "आई, नको ना कापायला सांगू. राहू दे ना असंच."

"आणि आत चक्कर येऊन पडलीस तर? दार फोडायचं का?"

तिने पुन्हा विचारलं नाही. मला वाटलं, जिंकले.

शनिवारी कंपनीत वीज गेली म्हणून आम्हाला दुपारीच सोडलं. मी घरी आले तर कुणी नाही. हे कामावर, लेक शाळेत. केर काढायला म्हणून खोलीत गेले. दाराचं लोखंड आता कुठेतरी टेबलाखाली गेलेलं, खिडकीतून वारा आला आणि माझ्यामागे दार आपटलं. मी दचकले. मग मनात आलं, बघू तरी काय जादू आहे ह्याच्यात. खण ओढला.

आधी त्याच्या कडेवर बसले. मग कुणी बघत नाही ना म्हणून मागे बघितलं आणि माझं मलाच हसू आलं. कोण बघणार? अंबाड्यातल्या पिना काढल्या. निऱ्या सैल केल्या. आणि दुपारी दोन वाजता, अंगात ताप नसताना, मी चक्क आडवी झाले. वर छताला एक भेग होती. चार वर्षांत ती मला दिसली नव्हती, कारण त्या घरात मी छताकडे तोंड करायची ती रात्री, दिवे मालवल्यावर, आणि तेही हॉलमध्ये.

मला न विचारता जिथे कुणीही येऊ शकत नाही अशा जागी मी चाळीस वर्षांत पहिल्यांदा होते. माहेरी नव्हते, सासरी नव्हते, इथेही नव्हते. माझी आई गेली तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, आणि मला त्यांच्यासमोर रडता येईना. सगळ्यांचा चहा करायचा होता. शेवटी मजल्यावरच्या सामायिक संडासात डबा घेऊन गेले आणि तिथे रडले. दोन मिनिटं झाली असतील नसतील, बाहेरून कडी वाजायला लागली, आटपा लवकर, रांग आहे. मी आटपलं. ते जे तेव्हा राहून गेलं होतं ते त्या शनिवारी मी त्या खणात पडून रडले, मोठ्याने, नाक पुसायचीही घाई न करता. मग मला झोप लागली.

जाग आली ती दारावरच्या टकटकीने. बाहेरचं दार अर्थातच उघडं होतं, लेक घरात आली होती. "आई, तू आहेस आत?"

"आहे."

"काय करतेयस?"

आणि मला असा संताप आला म्हणून सांगू! घटकाभर बसू देत नाहीत. काय करतेयस म्हणजे? सगळं सांगायलाच पाहिजे का? "काही नाही!" मी खेकसले.

तिची पावलं किचनकडे गेली. मी तशीच पडून राहिले आणि माझा स्वतःचा आवाज माझ्या कानातून जाईना. त्या आठवड्यात तिला मी हा प्रश्न किती वेळा विचारला होता ते मोजायला गेले आणि मध्येच सोडून दिलं.

मी बाहेर आले तेव्हा डोळे सुजलेले, केस मोकळे. माझ्या ह्या अवताराकडे तिने एकदा बघितलं. चहाचा कप पुढे केला आणि काहीही विचारलं नाही. मी तिच्या जागी असते तर मी विचारलं असतं, पुन्हा पुन्हा विचारलं असतं, आणि तिने सांगितल्याशिवाय चहा काही घशाखाली उतरू दिला नसता. ती नुसती शेजारी बसून बिस्किट बुडवत राहिली.

रविवारी मेस्त्री करवत घेऊन हजर. ह्यांनी टेप धरली, ह्या वेळी दार लावून, उघडून, पुन्हा लावून सगळी मापं झाली. खणावर पेन्सिलीची रेघ पडली. लेक टेबलाकडे तोंड करून पुस्तकं लावत होती. तीच तीन पुस्तकं ती कधीपासून लावत होती. मेस्त्रींनी करवत रेघेवर ठेवली.

"मेस्त्री, राहू दे," मी म्हटलं.

"काय ता?"

"कापू नका. आहे तसंच राहू दे."

"वैनी, मगे दार उघडाचा नाय."

"आतलं माणूस उघडेल. त्याला वाटेल तेव्हा."

हे टेप धरून माझ्याकडे बघतच राहिले. "अगं, तूच तर म्हणालीस. आणि चक्कर येऊन पडली तर?"

"तर फोडा दार. आपलंच आहे."

मेस्त्रींनी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी मेस्त्रींकडे बघितलं, आणि दोघंही चहा प्यायला हॉलमध्ये गेले. बायकांच्या तोंडी कोण लागणार, असं काहीतरी बोलले असतील. लेक वळलीच नाही. पण पुस्तकं लावायची थांबली.

संध्याकाळी मी बोंबील साफ करत होते तेव्हा ती ओट्याशी आली. माझ्याकडे न बघता, जणू भाजीचा भाव सांगतेय अशा आवाजात म्हणाली, "आई, मी रोज सहा ते सात क्लासला असते. तेव्हा खोली तू घेत जा."

"सहा ते सात मला स्वयंपाक असतो."

तिने विचार केला. आठ वाजता हॉलमध्ये टीव्ही लागायचा, आणि ह्यांना टीव्हीशी वाद घालत बातम्या बघायची सवय. तिथे बसून भूमिती सोडवणं कठीण होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

"मग आठ ते नऊ घे," ती म्हणाली. "मी हॉलमध्ये बसून वाचीन."

मी साडेआठपर्यंतच घेतली. दहावीचं वर्ष होतं तिचं.